बारशाला आलेला हवालदार

परवा सकाळी साडेनऊला, चहा अर्धाही व्हायच्या आत, माझ्यावर तीन गुन्हे दाखल झाले. पहिला गुन्हा असा, की मी एका मेथडच्या नावाआधी 'गेट' लावलं. दुसरा, की दुसऱ्या एका मेथडच्या नावाआधी 'इज' लावलं. तिसरा, की एका पॅरामीटरला दोनच अक्षरी नाव दिलं. बावीस वर्षं या धंद्यात काढली, डोक्यावरचे केस त्यातच गेले, आणि आता एक प्रोग्राम मला रोज सकाळी चौकीवर बोलावतो.

मेथड म्हणजे प्रोग्राममधला घरगडी. एक ठरावीक काम त्याला शिकवलेलं असतं. हाक मारली की येतो, काम करतो, जातो. हाक मारताना त्याच्या हातात जे सामान द्यायचं ते पॅरामीटर. हाक मारायची तर नाव हवं. एका बऱ्यापैकी मोठ्या प्रोग्राममध्ये असे हजारो गडी असतात आणि प्रत्येकाचं बारसं कुणीतरी केलेलं असतं, बहुधा संध्याकाळी सहाला, कंपनीची बस सुटायच्या घाईत. नेटस्केपमध्ये काम केलेल्या फिल कार्लटन यांच्या नावावर एक विनोद सांगितला जातो, की संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, कॅश (म्हणजे हाताशी साठवून ठेवलेली माहिती) वेळेवर रिकामी करणं आणि नाव ठेवणं. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे. आमच्या धंद्यात तेवढंही नाही.

आम्ही रूबी भाषेत लिहितो. ही भाषा युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थांनी १९९५ साली लोकांपुढे आणली. प्रोग्राम लिहिणाऱ्याला लिहिताना आनंद व्हावा, हा त्यांचा जाहीर हेतू. आता, आनंद असला की गर्दी होते आणि गर्दी झाली की बंदोबस्त लागतो, हे आपण गणपतीत दरवर्षी पाहतो. तसा २०१२ साली बल्गेरियाच्या बोझिदार बात्सोव्ह यांनी इथेही बंदोबस्त लावला. त्याचं नाव रुबोकॉप. 'रोबोकॉप' या सिनेमातल्या यंत्रपोलिसावरून घेतलेलं. कोड लिहून झाला की हा सगळ्या फायलींमधून एक फेरी मारतो.

हा गडी चुकीला चूक म्हणत नाही, 'ऑफेन्स' म्हणतो. त्याचा एकेक नियम म्हणजे एकेक 'कॉप', आणि नियमांच्या गटाला 'डिपार्टमेंट'. मांडणीचं खातं वेगळं, नामकरणाचं वेगळं, मोजमापाचं वेगळं. मोजमाप खात्याचा हुकूम आहे की मेथड दहा ओळींहून लांब नको. नामकरण खात्याचं म्हणणं, नुसती माहिती सांगणाऱ्या मेथडला 'गेट_नेम' कशाला, 'नेम' पुरे. 'इज_एम्प्टी' कशाला, रूबीत नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह चालतं, तेव्हा 'एम्प्टी?' म्हणा. दाखल होणाऱ्या गुन्ह्यापुढे 'सी' अक्षर असेल तर तो अदखलपात्र, 'ई' असेल तर दखलपात्र. जागच्या जागी मिटवायची सोयसुद्धा आहे: एक आज्ञा दिली की तोच आपल्या हातानं दुरुस्ती करतो. आज्ञेत लहान लिपीतला 'ए' लिहिला तर बेतानं, मोठ्या लिपीतला लिहिला तर बेधडक. मोठ्या 'ए'च्या नादी लागून मी एकदा आख्खी शुक्रवार रात्र घालवली आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

पळवाटाही आहेत, नसायला काय झालं. ओळीच्या शेवटी 'रुबोकॉप डिसेबल' अशी टीप टाकली की त्या ओळीला अटकपूर्व जामीन. आणि जुना, वडिलोपार्जित कोड असेल, त्यात पाच-सहा हजार गुन्हे निघत असतील, तर एका आज्ञेसरशी ते सगळे एका वेगळ्या फायलीत नोंदवून घेता येतात. मग हवालदार त्यांच्याकडे बघत नाही. त्या फायलीच्या नावातच 'टूडू' आहे, म्हणजे सवडीनं सुधारू. आमच्याकडे ती फाईल सहा वर्षं आहे. महाराष्ट्रात या प्रकाराला गुंठेवारी म्हणतात आणि त्याला २००१ सालापासून कायदाही आहे.

टीममध्ये आम्ही त्याला हवालदारच म्हणतो. नव्या पोरांना त्याचा राग येतो. मला येत नाही, कारण मी हवालदाराच्याच घरात वाढलो.

माझी आई शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त होऊन तिला आता बरीच वर्षं झाली, पण लाल पेन सुटलेलं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले, एकूण अठरा. रुबोकॉपचे नियम शेकड्यांनी मोजावे लागतात, पण दरारा म्हणाल तर आईच्या अठरांचा जास्त. मी होस्टेलवरून घरी पत्र पाठवायचो, ते उत्तरासोबत तपासून परत यायचं. वर गुण नसत, एवढीच माया.

त्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, आणि 'नांव'चं 'नाव' झालं. म्हणजे 'नाव' या शब्दालाच आपलं नाव बदलून घ्यावं लागलं. आजोबा मात्र शेवटपर्यंत 'नांव' लिहीत राहिले. आई त्यांना काही बोलायची नाही. सासऱ्यांच्या अक्षरावर लाल पेन चालवायचं नाही, हा तिचा एकोणिसावा नियम. आमच्या धंद्यात अशा कोडला 'लेगसी' म्हणतात. चालतोय तोवर हात लावत नाहीत आणि मागे त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतात.

लग्नसराई हा आईचा सुगीचा काळ. घरात पत्रिका आली की मुहूर्त, कार्यालय, जेवणाची वेळ हे सगळे बाबांचे विषय. आई थेट 'आशिर्वाद'वर जाते. 'शी' दीर्घ आहे, आशीर्वाद. दहातल्या सात पत्रिकांत तो ऱ्हस्व असतो. ती लाल गोल करते, बाजूला बारीक अक्षरात दुरुस्ती लिहिते आणि पत्रिका फ्रिजवर चुंबकाखाली अडकवते. एकदा वरपिताच घरी आले होते आणि पाणी प्यायला फ्रिजपाशी उभे राहिले. तेव्हापासून आम्ही पत्रिका कपाटात ठेवतो.

तर अशी तपासणी करणाऱ्या प्रोग्रामांना सरसकट 'लिंटर' म्हणतात. हे नाव कुठून आलं ते कळल्यावर मला फार बरं वाटलं. बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेतला कोड तपासायला एक प्रोग्राम लिहिला आणि त्याला 'लिंट' नाव दिलं. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेलं तूस. तूस झटकलं नाही म्हणून शर्टाचं काही बिघडत नाही, पण चारचौघांत बसलं की नेमकं तेच दिसतं. जॉन्सन यांचा लिंट खरं तर बऱ्याच कामाच्या गोष्टी पकडायचा: प्रोग्राम कुठे गडबडेल, कोणती गोष्ट एका जागी एका प्रकारची आणि दुसऱ्या जागी भलत्याच प्रकारची मानली आहे. पुढे त्याचा वंश वाढला आणि नातवंडं शिष्टाचारावर आली. आजोबा आजाराचं निदान करायचे. नातू विचारतो, शर्ट खोचलेला का नाही.

आता नाव लिहायचं कसं, इथून भांडण सुरू होतं. कोडमध्ये नावाच्या मधे जागा सोडता येत नाही. दोन-तीन शब्दांचं नाव असेल तर ते जोडावं लागतं आणि जोडायच्या पद्धतींवरून दुनियेचे पंथ पडलेत. एक पंथ म्हणतो, शब्द चिकटवा पण प्रत्येक नव्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत काढा. मधेच उंचवटा येतो, म्हणून ती उंटपद्धत. दुसरा म्हणतो, सगळं लहान लिपीत लिहा आणि मधे अंडरस्कोअर द्या. शब्द_असे_जमिनीला_धरून_सरपटत_जातात, म्हणून ती सापपद्धत. तिसरा मधे आडवी रेघ देतो. शब्द सळईत ओवल्यासारखे दिसतात, म्हणून कबाब. जावा उंटावर, रूबी आणि पायथॉन सापावर, लिस्प कबाबावर. उंटांतही दोन पोटजाती आहेत: अगदी पहिलं अक्षरही मोठं काढलं तर त्याला पास्कल म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं तो आपल्याकडचा नव्हता. पाठीच्या सुरुवातीलाच, मानेपाशी उंचवटा असलेला प्राणी बैल असतो, हे पोळ्याला वशिंडाला रंग लावलेलं कुठलंही पोर सांगेल.

उंटपद्धतीचा नमुना मी इथे दाखवू शकत नाही, कारण आपल्या लिपीत लहान अक्षर, मोठं अक्षर ही भानगडच नाही. सगळी अक्षरं शिरोरेषेच्या दोरीवर ओळीनं वाळत घातलेली. ज्यांच्याकडे ही सोय आहे त्यांनाही ती धड वापरता आलेली नाही म्हणा. ब्राउझरला मागच्या मागे सर्व्हरकडून माहिती आणून देणारी एक फार महत्त्वाची वस्तू आहे, एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट. तिच्या नावात एक्सएमएलची तिन्ही अक्षरं मोठी आणि एचटीटीपीचं फक्त पहिलं. दोन्ही आद्याक्षरी नावं, दोन्ही एकाच ताटात वाढलेली, आणि एकाला पुरणपोळी नि दुसऱ्याला नुसता वरण-भात. ते नाव आता कुणी बदलू शकत नाही, सगळं जग त्यावर उभं आहे.

देवनागरीत नावं ठेवून पाहावीत, असं मला एकदा वाटलं. श्रावण होता, काम कमी होतं.

पायथॉननं काही कुरकुर केली नाही. तिची तिसरी आवृत्ती राम, सीता, लक्ष्मण, सगळ्यांना आत घेते. मग गेलो गो भाषेकडे. गो ही गूगलमध्ये जन्मलेली, २००९ साली बाहेर आलेली भाषा. तिनं कोडच्या मांडणीची भांडणं एका फटक्यात मिटवली: मांडणी करणारा प्रोग्राम भाषेसोबतच दिला, तो करील ती मांडणी, विषय संपला. आईला हे पटलं असतं. पण तिथे एक गंमत आहे. नावात अक्षरं आणि आकडे चालतात, जोडचिन्हं चालत नाहीत. आणि आपले काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडणं, ही सगळी युनिकोडच्या हिशेबात जोडचिन्हं. गोच्या निर्मात्यांनी आपल्या प्रश्नोत्तरांत देवनागरीचं नाव घेऊन सांगून टाकलंय की या नियमापायी अशा भाषा बाहेर राहतात. म्हणजे राम नाही, सीता नाही. पहिलीच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या धड्यांतले कमल, छगन, मगन मात्र आत.

मग मी नात्यागोत्याची यादी घेऊन बसलो. बाबा चालत नाहीत, दोन काने. आजी नाही, आजोबा नाहीत, ताई नाही, भाऊ नाही. काका, मामा, मावशी, सगळे दाराबाहेर. नणंद दिसायला साधी, पण डोक्यावर अनुस्वार. आत्या तर जोडाक्षर, तीच नाही म्हटल्यावर बारसं करणार कोण? यादी संपता संपता दोनच नाती आत शिरली. एक आई, कारण आ आणि ई हे स्वतंत्र स्वर, कुणाच्या आधारानं उभे नाहीत. आणि दुसरी, सवत. हा निकाल मी घरी सांगितला. बाबा पेपर वाचत होते, तो त्यांनी जरा वर धरला.

पण आत घेतलं म्हणजे मानानं घेतलं असं नाही. गोमध्ये नावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत असेल तरच ते नाव आपल्या पॅकेजबाहेर वापरता येतं. आपल्याकडे मोठं अक्षरच नाही. म्हणजे कमल आणि छगन घरात कितीही राबले तरी त्यांना उंबऱ्याबाहेर पाय टाकायची परवानगी नाही. गो रचणाऱ्या तिघांमध्ये केन थॉम्प्सन होते. युनिक्स हीसुद्धा त्यांचीच करणी, आणि युनिक्समध्ये फाईल तयार करायच्या आज्ञेचं नाव आहे 'क्रिएट', पण शेवटच्या इंग्रजी 'ई'विना. युनिक्स पुन्हा लिहायची वेळ आली तर काय बदलाल, असं पुढे विचारल्यावर ते म्हणाले, क्रिएटमध्ये ई घालीन. ई घातला नाही. उलट चाळीस वर्षांनी आमचे काना-मात्रे गेले.

राहता राहिली रूबी. रूबीला देवनागरी चालते, म्हणून मी एका पॅरामीटरचं नाव 'वपु' ठेवलं. पॅरामीटरला किमान तीन अक्षरांचं नाव हवं, हा तोच नियम ज्याखाली परवा माझ्यावर गुन्हा दाखल झाला. आमच्या साहित्याला हा नियम जाचकच, पण रूबी 'पु' मोजताना प वेगळा आणि उकार वेगळा मोजते. त्यामुळे वपु तीन भरतात, पुल तीन भरतात, आणि गदिमा चक्क पाच. लांबीच्या परीक्षेत तिघेही पास झाले. पुढच्या चौकीवर नामकरण खात्याचाच दुसरा हवालदार उभा होता: नावात रोमन लिपीबाहेरची अक्षरं नकोत.

बरं, देवनागरी चालली असती तरी प्रश्न सुटले नसते. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९९७ साली जावासाठी रीतभात लिहून काढली, तीत सांगितलंय की क्लासचं नाव नाम असावं आणि मेथडचं क्रियापद. इंग्रजीत क्रियापद म्हणजे 'सेव्ह' म्हटलं की झालं. राजाला सेव्ह, रंकाला सेव्ह. मराठीत 'जतन कर' म्हणायचं की 'जतन करा'? मेथड आपण स्वतः लिहिली असेल तर अरे-तुरे चालेल. पण दुसऱ्याच्या लायब्ररीतली, पंधरा वर्षं जुनी, जगभर वापरात असलेली मेथड? तिला 'ए, कर' म्हणताना माझी तरी जीभ रेटत नाही. सॉफ्टवेअरच्या मराठी मेनूत 'जतन करा' असतं, कारण तिथे संगणक तुमच्याशी बोलतो आणि त्याला कुणीतरी वळण लावलेलं असतं. सरकारी कोड असेल तर मेथडचं नाव 'जतन_करण्यात_यावे' असणार. त्यात जतन कुणी करायचं हे लिहिलेलं नसल्यामुळे ते कुणीच करणार नाही, आणि चौकशीत सगळे सुटतील.

नावांच्या बाबतीत जुने लोक सुटसुटीत होते, असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे जागाच नव्हती. फोर्ट्रान आली १९५७ साली, तिच्यात नाव सहा अक्षरांत बसवावं लागे. शिवाय नावाचं पहिलं अक्षर इंग्रजी 'आय'पासून 'एन'पर्यंतचं असेल तर ती राशी पूर्णांक, नाहीतर अपूर्णांक. हे वाचताना मला आमच्या घराण्याचे गुरुजी आठवले. अश्विनी नक्षत्र असेल तर चू, चे, चो, ला. अक्षर ठरलं की पुढचं आत्या बघून घेईल. नावावरून पिंड ओळखायची ही विद्या आपण विवाहमंडळांपुरती ठेवली. त्यांनी ती आयबीएमच्या यंत्रात घातली.

पीएचपीचं तर सरळ अंकशास्त्र आहे. त्या भाषेत फंक्शनांची नावं अशी काही आहेत, की एकाच आईच्या पोटची वाटत नाहीत: कुठे अंडरस्कोअर आहे, कुठे नाही, कुठे पूर्ण शब्द, कुठे नुसती व्यंजनं. लोक वर्षानुवर्षं हसत होते. मग २०१३ साली तिचे जनक रासमुस लेरडॉर्फ यांनी खुलासा केला, की अगदी सुरुवातीला फंक्शनं शोधण्याची कप्पेबंद व्यवस्था नावाच्या लांबीवर चालायची. सगळे एकाच कप्प्यात कोंबले जाऊ नयेत म्हणून काही नावं लांबी बघून निवडली. म्हणजे तिसऱ्या मुलाचं नाव चार अक्षरी का, तर तीन अक्षरीचा खण भरला होता. मला हा खुलासा आवडतो. निदान कारण आहे. माझ्या जुन्या कोडमधल्या 'डेटा२'ला तेही नाही.

आणि हंगेरियन नोटेशन. चार्ल्स सिमोनी मूळचे हंगेरीचे, आधी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, मग मायक्रोसॉफ्टमध्ये. त्यांची पद्धत अशी, की नावाच्या आधी ती वस्तू कोणत्या प्रकारची आहे याचं छोटं अक्षर-चिन्ह जोडायचं. ती अगम्य दिसायची म्हणून लोक थट्टेनं हंगेरियन म्हणू लागले. शिवाय हंगेरीत आडनाव आधी आणि नाव मागून लिहितात, तेही जुळलं. अमेरिकनांना याचं अप्रूप. मराठी माणूस हजेरीपटापासून मतदारयादीपर्यंत आडनाव आधी ऐकत मोठा झालेला असतो. मी सातवीपर्यंत स्वतःच्या नावाला ओ देत नव्हतो, आडनावालाच द्यायचो. पुढे ही पद्धत बदनाम झाली. एका वस्तूचा प्रकार बदलला की नाव खोटं पडायचं आणि बदलायला कुणी जायचं नाही. चाळ पाडून टॉवर झाला तरी पत्त्यात चाळच. सिमोनी यांनी मनाला लावून घेतलं नसावं. ते २००७ आणि २००९ साली, दोनदा, स्वखर्चानं अंतराळात जाऊन आले.

नाव बदलणं, हे आमच्याकडे मोठं जोखमीचं काम. पण त्याची पद्धतसुद्धा आपल्याकडे जुनी आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवऱ्यामुलीचं नवं नाव लिहितात. सासरी नवं नाव चालू, आणि माहेरी जुनंच. जुन्या नावानं हाक मारली तरी तीच ओ देते. जुनं नाव एकदम बंद करायचं नाही, दोन्ही चालू ठेवायची आणि हळूहळू लोकांना नव्याची सवय लावायची, यासाठी आम्ही सव्वा तासाचं प्रेझेंटेशन करतो. काही माहेरवाशिणी तर सवयी बदलतच नाहीत. पायथॉनच्या स्वतःच्या संग्रहातली युनिटटेस्ट बघा. सबंध पायथॉन सापपद्धतीनं चालते, तसं नियमपत्रकच आहे, आणि ही बाई घरात उंटावर बसून फिरते. कारण ती जावाच्या जेयुनिटवरून बेतलेली, म्हणजे माहेर जावाकडचं. तिला कुणी काही बोलत नाही.

मागच्या महिन्यात एका नावावरून आमची बैठक बसली. कर्मचाऱ्याच्या रजांचा हिशेब आणून देणारी मेथड. गेट म्हणावं, फेच म्हणावं, लोड, फाइंड की रिट्रीव्ह? सात माणसं, दीड तास, दोनदा चहा. त्याच सकाळी सर्व्हरचा वर्षाचा खर्च चार मिनिटांत मंजूर झाला होता. पार्किन्सन यांनी १९५७ सालच्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय: अणुभट्टीचा खर्च समिती चटकन मान्य करते, कारण तो कुणालाच कळत नाही, सायकली ठेवायच्या शेडवर मात्र प्रत्येकाला बोलायचं असतं. आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायला पाच मिनिटं लागली आणि फाटकाच्या रंगाला दोन सभा, तेव्हा पार्किन्सन माझ्यासाठी नवीन नाहीत. पण त्या दिवशी टीममधली साताऱ्याची मुलगी म्हणाली, "सर, हे सगळं एकच कसं? घरातलं असेल तर 'आण', दुकानातलं असेल तर 'मागव', हरवलं असेल तर 'शोध', आणि आडातलं असेल तर 'उपस'." डेटाबेस म्हणजे आड, हे सगळ्यांना एकदम पटलं. पोहरा आहे, दोर आहे, आणि कधी कधी तळाला काहीच नाही. शेवटी नाव 'फेच'च राहिलं. 'उपस'ला इंग्रजी सापडलं नाही.

गेल्या रविवारी रात्री अकराच्या सुमारास मी पगाराच्या जुन्या कोडमध्ये शिरलो होतो. आई पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि मागे उभी राहिली. तिला इंग्रजी वाचता येतं. कोड वाचता येत नाही, पण चूक दिसते. पडद्यावर मध्यभागी एक मेथड होती. तिचं नाव रोमन अक्षरांत 'तात्पुरता_उपाय'.

"हे मराठी आहे," आई म्हणाली.

"हो."

"काय करतं हे?"

"प्रॉव्हिडंट फंड कापतं. पगारातून."

"मग तात्पुरता का?"

"तात्पुरता लिहिला होता."

"कधी?"

"२०११ साली."

ती काही बोलली नाही. वर्गात कुणी गृहपाठ विसरलो म्हणालं की ती अशीच गप्प राहायची, म्हणतात. मी म्हटलं, आज याचं बारसं उरकूनच टाकू. एक सांगायला हवं, या नावाबद्दल हवालदारानं आजवर चकार शब्द काढलेला नव्हता. अक्षरं रोमन, सगळी लहान लिपीतली, मधे अंडरस्कोअर, लांबी पुरेशी. त्याच्या दप्तरी हे नाव निष्कलंक.

मी 'प्रॉव्हिडंट_फंड_डिडक्शन' असं भरघोस नाव दिलं, जिथे जिथे जुनं होतं तिथे तिथे बदललं आणि हवालदाराला फेरी मारायला सांगितलं. अकरा गुन्हे. नाव लांबलं तशा ओळी लांबल्या आणि अकरा ओळी १२० अक्षरांच्या कुंपणाबाहेर गेल्या. हे कुंपणही वडिलोपार्जित. आयबीएमनं १९२८ साली आपल्या पंचकार्डावर ८० रकाने पाडले, तेव्हापासून ओळीची रुंदी मोजायची खोड गेलेली नाही, फक्त आकडा वाढला. अकरा ओळी तोडायला घेतल्या तर काही मेथड दहा ओळींपलीकडे जायला लागल्या, म्हणजे मोजमाप खातं वेगळंच आलं. पावणेबारा वाजले होते. मी सगळं होतं तसं केलं आणि पुन्हा फेरी मारायला लावली. एकही गुन्हा नाही. हिरवी अक्षरं.

आई अजून वाचत होती.

"यातला पु ऱ्हस्व लिहिलाय की दीर्घ?"

"रोमनमध्ये कळत नाही ते, आई."

"बरं आहे तुमचं," ती म्हणाली आणि ग्लास घेऊन झोपायला गेली.